अक्रोड, चारोळी आणि मूठभर शेंगदाणे



मागच्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मातांच्या बैठकीत मी सुक्यामेव्याचा पाठ घेतला. तक्त्यावर अक्रोडाचे मोठे चित्र होते. अक्रोड हृदयाला चांगला, मेंदूला चांगला, असे सांगून मी पुढच्या पाड्याला निघाले. महिन्याने परत गेले, तेव्हा एका आईने पदराची गाठ सोडून पुडी पुढे केली. "ताई, हे आणलं. पोराला किती देऊ?" पाव किलो अक्रोडाचा गर होता, म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. पैसे कुठून आणले विचारले तर म्हणाली, "उन्हाळ्यात चारोळी विकली ना, त्यातलेच."

पोरगा तीन वर्षांचा. मला लाजच वाटली. तोच पाठ आता पुन्हा, नीट, लिहीत आहे.

अक्रोड चांगलाच आहे, त्यात खोटे काही नाही. १०० ग्रॅम गरात सुमारे ६५ ग्रॅम स्निग्धांश आणि १५ ग्रॅम प्रथिने असतात. हा स्निग्धांश बहुतेक हितकारक प्रकारचा असतो. त्यातले ओमेगा-३ इतर सुक्यामेव्यात फारसे सापडत नाही. स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात एका गटाला भाज्या, कडधान्ये, मासे अशा आहारासोबत रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला होता. त्यातला निम्मा अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. कमी स्निग्ध आहाराचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा या लोकांत हृदयविकार व पक्षाघात कमी दिसले. पण ती माणसे प्रौढ होती, हृदयविकाराचा धोका असलेली होती. आपल्या पाड्यावरच्या बाळांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना पोटभर, सकस आणि रोज मिळेल असे हवे.

आता चारोळी पाहा. तिच्या गरात साधारण निम्मा स्निग्धांश असतो आणि प्रथिने अक्रोडापेक्षा जास्त. काजू, पिस्ता, बिब्बा आणि आंबा हे तिचे भाऊबंद, एकाच कुळातले. एप्रिल-मेच्या उन्हात बाया फळे गोळा करतात, भिजवून साल चोळून काढतात, बिया वाळवतात आणि पोत्याने व्यापाऱ्याला घालतात. शहरातल्या बासुंदीवर ती हजार रुपये किलोच्या वर जाते, आणि जिने वेचली तिच्या घरात एक दाणा उरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. विकू नका असे मी म्हणणार नाही, मीठ-तेल त्यावरच येते. पण एक पायली घरी ठेवा.

बिब्ब्याची गोडंबीही पौष्टिक असते. मात्र तिच्या टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून ते काम जाणत्या हातांनीच करावे.

शेंगदाणा हा झाडावरचा मेवा नव्हे, तो कडधान्याच्या कुळातला. तरी १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिने देतो, अक्रोडाच्या दीडपटीहून जास्त. ओमेगा-३ त्यात जवळपास नसते. त्यासाठी चमचाभर जवस भाजून, कुटून भाकरीबरोबर द्या. शेंगदाणे आणि जवसाची चटणी म्हणजे गरिबाचा अक्रोड, असे मी आता बैठकीत सांगते.

आणि मी विसरलेली गोष्ट: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा कधीही देऊ नका, मग तो शेंगदाणा असो की अक्रोड. घशात किंवा श्वासनलिकेत अडकतो. कूट करून नागलीच्या पेजेत मिसळा, सुरुवातीला अर्धा चमचा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर पुन्हा देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. बुरशी लागलेला दाणा धुऊन, भाजूनही खाऊ नये. त्यातले विष यकृताला बाधते. खवट वासाचाही टाकावा.

त्या आईचा अक्रोड आम्ही दोघींनी पाट्यावर वाटला. रोज एक चमचा, असे तिला सांगितले. यंदा मे महिन्यात तिने चारोळीचा एक डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला आहे. व्यापारी दोनदा विचारून गेला.