आज फार वाजतंय

तू लिहिलंस की विसर्जनाची मिरवणूक होऊन इतके दिवस गेले तरी कानातली शिट्टी थांबत नाही. परवापासून तर ती अशी चढलीय की झोप लागत नाही, जेवण जात नाही, ऑफिसात समोरचा काय बोलतोय त्याकडे लक्ष राहत नाही. आईला सांगितलंस तर ती म्हणाली, "मला तर काही ऐकू येत नाही गं." तुला सगळ्यात जास्त लागलं ते हेच वाक्य, हे मला न सांगता कळलं. माझेही कान गेली कित्येक वर्षं वाजतायत. बहुतेक दिवशी मला त्याची आठवणही नसते. पण मधूनच आवाज उसळतो, आणि तेव्हा जिवाचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज जरा निवांत बोलते तुझ्याशी.

आधी घाईचं सांगून टाकते. एखाद्या कानाने एकाएकी कमी ऐकू यायला लागलं, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं, कारण त्यावरची स्टिरॉइडची औषधं पहिल्या काही दिवसांतच खरी कामाला येतात. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धक-धक येत असेल, फक्त एकाच कानात असेल, सोबत गरगरत असेल, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी वाटत असेल किंवा कानातून पू येत असेल, तर तेही लगेच दाखवायचं. तू लिहिलंस त्यात यातलं काही दिसत नाही. तरीही डॉक्टरांनी एकदा कानात बघायला हवं आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, तर व्हायलाच हवी. साधा मळ घट्ट बसला तरी कान वाजतात, आणि तो काढला की पुष्कळांना बरं वाटतं. मात्र तो त्यांनीच काढायचा. इअरबड, हेअरपिन, आजीचं लसूण घातलेलं कोमट तेल, यातलं काहीही तू कानात घालू नकोस. पडद्याला भोक आहे की नाही हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि भोक असलेल्या कानात तेल गेलं तर दुखण्यात दुखणं वाढतं.

दुसरी गोष्ट. बहुधा तुलाही ते वाक्य ऐकावं लागेल, जे मला एका दवाखान्यात पाच मिनिटांत ऐकवलं गेलं: "याला औषध नाही, सवय करून घ्या." ते ऐकून मी जिन्यात येऊन रडले होते. आज वाटतं, त्या वाक्यात तथ्य आहे, पण सवय कशी होते हे न सांगता माणसाला ते वाक्य देऊन परत पाठवणं निर्दयपणाचं आहे. ती कशी होते तेच मी तुला सांगणार आहे.

आपल्या आतल्या कानात, कॉक्लियात, केसांसारखी टोकं असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, काही कायमच्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारा संदेश असा कुठे कुठे तुटला की मेंदू ती उणीव भरून काढायला स्वतःची संवेदनक्षमता वाढवतो, आणि त्या वाढलेल्या खळबळीतून शिट्टी ऐकू येते. म्हणून ती आईला ऐकू येत नाही आणि तरीही ती खरी असते. पण कानातली इजा ही अर्धीच गोष्ट. पॉवेल यास्त्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० साली जे मांडलं त्याचं सार असं, की त्रास किती होणार हे आवाजाच्या तीव्रतेवर फारसं ठरत नाही. मेंदू त्या आवाजाला धोका समजतो की नाही, यावर ते ठरतं. कुर्ल्याला रुळांलगत राहणाऱ्या आपल्या आत्याकडे आपण रात्रभर दचकून उठायचो आणि ती गाढ झोपलेली असायची, आठवतं? लोकल तिच्यासाठीही तितक्याच जोरात जायची. तिच्या मेंदूने फक्त ठरवून टाकलं होतं की याच्यासाठी उठायचं कारण नाही.

आता उसळीच्या रात्रीचं बोलू. आवाज वाढला की पहिला विचार येतो, "संपलं, आता हा असाच राहणार." तो विचार आला की छाती धडधडते, मान-खांदे ताठतात, दात आवळले जातात, आणि त्या ताणाने आवाज आणखी चढतो. जबडा आणि मान यांच्या नसांचा ऐकण्याच्या मार्गाशी मेंदूत संबंध आहे, म्हणून दात आवळले की पुष्कळांची शिट्टी तिथल्या तिथे बदलते. तेव्हा सगळ्यात आधी जबडा सैल सोड. ओठ मिटलेले, दातांना दात न लागलेले, जीभ टाळूला. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ घे. आणि स्वतःला एवढंच सांग की ही उसळी आहे, आधीही आली होती, उतरली होती. झोप कमी झाली, सर्दी झाली, पाळी जवळ आली, कामाचा ताण आला, अशा कशानेही आवाज वाढू शकतो. आवाज वाढला म्हणजे दरवेळी कानाला नवी इजा झाली असं नसतं.

एक सवय मात्र आजच मोड. दर थोड्या वेळाने बोटांनी कान बंद करून "किती आहे, वाढलाय का" हे तपासत बसू नकोस. तपासणी केली की मेंदूला कळतं, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आणि रात्री तीन वाजता फोनवर शोधायला बसू नकोस. ज्यांना बरं वाटलं ते त्या वेळी झोपलेले असतात; तुला भेटतील ते सगळे तुझ्यासारखे घाबरलेलेच.

शांत खोलीत जाऊन पडावंसं वाटतं ना? तिथेच फसायला होतं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी कानाची तक्रार नसलेल्या ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं, तर थोड्याच वेळात त्यांतल्या बहुतेकांना कसले ना कसले आवाज ऐकू यायला लागले. निःशब्द खोलीत मेंदू ऐकायला काहीतरी शोधतोच. म्हणून खोलीत काहीतरी वाजत राहू दे: पंखा, मंद रेडिओ, फोनवरचा पावसाचा आवाज. मी स्वतः तानपुऱ्याचं ॲप लावते, खालच्या पट्टीत. यात एक पथ्य आहे. तो आवाज शिट्टीपेक्षा किंचित कमी ठेवायचा, शिट्टी त्यात बुडवायची नाही. दोन्ही एकत्र ऐकू आले तर मेंदू शिट्टीला हळूहळू मागे ढकलायला शिकतो, असं मानतात. आणि इअरफोन कानात कोंबून नव्हे, उशाशी स्पीकर ठेवून. वीस-पंचवीस मिनिटांत झोप नाही आली तर ऊठ, बाहेरच्या खोलीत जा, कपड्यांच्या घड्या घाल, भाजी निवड. पलंगावर तळमळत पडलीस तर पलंगाचीच धास्ती बसते.

औषधांबद्दल तुला कोणीतरी यादी दिली असेलच. २०१४ साली अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत गिंको, झिंक, मेलाटोनिन यांसारख्या गोळ्या टिनिटससाठी, म्हणजे कान वाजण्यासाठी, देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनचाही टिनिटसवर उपयोग होतो असं तपासणीत दिसलेलं नाही. चक्करेची गोष्ट वेगळी. चहा तोडायची गरज नाही, फक्त संध्याकाळनंतर नको, झोपेसाठी. दुसऱ्या कशासाठी चालू असलेली गोळी मात्र मनाने बंद करू नकोस. काही औषधांनी कान वाजतात हे खरं, पण ती बदलायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरव.

मग उपयोग कशाचा होतो? ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा, अगदी तरुणपणीसुद्धा, कारण बाहेरचे आवाज परत आले की आतला मागे सरतो. आणि विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराचा, ज्याला सीबीटी म्हणतात. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की सीबीटीने आवाज कमी झाला नाही तरी त्याचा जगण्यावरचा भार हलका होऊ शकतो. मराठी माणसाला हे परकं नाही. अल्बर्ट एलिसने १९५५ साली जो विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला तो सीबीटीच्याच कुळातला, आणि कि. मो. फडके यांनी तो मराठीत घराघरांत नेला. "मला हे सहनच होत नाही" हे वाक्य त्यात हातात घेऊन तपासतात. कारण खरं बघितलं तर तू सहन करतेयस. आवडत नसताना, दमलेली असताना, पण करतेयस. "मला हे अजिबात आवडत नाही, आणि तरी मी आजचा दिवस काढतेय" असं म्हणून बघ. हे वाक्य घोकून लगेच बरं वाटणार नाही. ते खरं आहे म्हणून हळूहळू रुजतं.

मानसोपचार म्हटल्यावर घरात भुवया उंचावतील. उंचावू देत.

आणि हे नीट वाच. तू शेवटी लिहिलंस, "कधी कधी वाटतं, हे सगळंच थांबावं." थांबावं म्हणजे आवाज थांबावा, की तू? मी हे सरळ विचारतेय, कारण तीव्र टिनिटसमध्ये माणसांच्या मनात तसे विचार येतात आणि लाजेने ती ते बोलत नाहीत. तसं काही असेल तर कितीही वाजले असले तरी मला फोन कर. मी उचलला नाही तर टेली मानसला १४४१६ वर कर. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर ११२. आणि त्या रात्री एकटी झोपू नकोस. आईला फक्त इतकं म्हण, "आज तू माझ्या खोलीत ये."

आईबद्दल बोलायचंच होतं. तिला ऐकू येत नाही म्हणून कळत नाही. तिला सांगायला लागेल. पण उसळीच्या वेळी समजावत बसायचं त्राण नसतं. म्हणून बऱ्या दिवशी तिच्याशी बोलून ठेव. "आज फार वाजतंय" एवढं म्हटलं की तिने काय करायचं ते आधीच ठरवा. उपाय सांगायचे नाहीत, "लक्ष देऊ नको" म्हणायचं नाही. शेजारी बसायचं, गावाकडचं काहीतरी बोलत राहायचं, जमलं तर दोघींनी चक्कर मारून यायचं. आमच्या घरी हे तीन शब्द आता मुलांनाही कळतात, ती टीव्ही लावतात आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवतात. बाकी काही लागत नाही.

घराबाहेरची माणसं तर तुझ्या हाताशीच आहेत. जॅक ॲशली नावाचे ब्रिटनचे एक खासदार होते. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना ऐकू येईनासं झालं आणि आवाज मात्र मागे लागला. त्यांच्या पुढाकाराने १९७९ साली तिथे टिनिटसवाल्यांची संघटना उभी राहिली. तुला तर इतकं लांब जायलाही नको. तू ताशा वाजवतेस त्या ढोल-ताशा पथकात किती जण आहेत? जगभरात साधारण १४ टक्के प्रौढांना टिनिटस असतो आणि २ टक्क्यांच्या आसपास लोकांना तो तीव्र असतो, हे २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात आलंय. पथकात प्रमाण कमी असेल असं मला मुळीच वाटत नाही. ग्रुपवर फक्त एक ओळ टाक: "वादनानंतर कुणाकुणाचे कान वाजतात?" बघ किती हात वर येतात. त्यांतल्या दोघी-तिघींशी महिन्यातून एकदा चहाला बसलीस तर तुला जे मिळेल ते मी इतक्या लांबून देऊ शकत नाही.

तू विचारलंस, पुढच्या वर्षी वाजवू का. मी "सोड" म्हणणार नाही; ताशा गळ्यात असताना तुझा चेहरा मी पाहिलाय. पण कान पूर्ण शांत होईपर्यंत, निदान उसळ्या थांबेपर्यंत, सराव नको. नंतरही इअरप्लगशिवाय नको. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशोब अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संस्था मांडते; म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. एका जागी उभं राहून केलेलं तुमचं एक स्थिरवादन त्यापुढे जातं, आणि सराव तर नदीपात्रात दोन महिने रोज संध्याकाळी. वादकांसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, त्यांत ठेका स्पष्ट ऐकू येतो, जोर तेवढा कमी होतो. मात्र प्लग घालून घरात, बसमध्ये वावरू नकोस. सतत कान बंद ठेवले की साधा भांड्यांचा आवाजही टोचायला लागतो.

उद्या कानाची वेळ घे. पुण्यातच भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय आहे, मुंबईला आलीस तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. ऑडिओमेट्रीचा कागद हातात आला की फोटो काढून मला पाठव. दणक्याने दमलेल्या कानाची रेघ बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास खाली जाते. तुझी गेलीय का, किती गेलीय, ते फोनवर दोघी मिळून बघू, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिथेच लिहून काढू.