ड्रायव्हर हजर, फर्मवेअर गैरहजर

विंडोज सोडून लिनक्सकडे आलेल्या माणसाला वायफाय दिसेना, की तो आधी कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर शोधायला धावतो. डेबियन या लिनक्स वितरणात ही धावपळ बहुतेकदा वाया जाते. ड्रायव्हर कर्नलसोबत आलेलाच असतो. नसते ते फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. ड्रायव्हर ती फाइल ‘/लिब/फर्मवेअर’ फोल्डरमधून उचलून कार्डाला देतो. फाइल नसली, की कार्ड ढिम्म.

अशा फाइल्सचा सोर्स कोड कंपन्या सहसा देत नाहीत, आणि डेबियनचा १९९७ चा सामाजिक करार मुक्त सॉफ्टवेअरवर उभा आहे. त्यामुळे अनेक वर्षे अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्या नसत. त्या असलेली ‘अनधिकृत’ इमेज वेगळी मिळे, अर्थात ती कुठे आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच!

प्रस्तुत लेखकाच्या लॅपटॉपला लॅन पोर्टच नाही. जुन्या इमेजवरून इन्स्टॉल करताना पडद्यावर मागणी आली: अमुक ‘.यूकोड’ फाइल पेन ड्राइव्हवरून द्या. फाइल नेटवर, नेट वायफायवर आणि वायफाय त्या फाइलवर अडलेले. सोडवले ते फोनने. केबल जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले, की फोन नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याला वेगळे फर्मवेअर लागत नाही.

असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालता यावे म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी मतदानाने करारातच दुरुस्ती केली. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर लागेल ते फर्मवेअर स्वतःच टाकतो. कडव्या तत्त्वनिष्ठांना हे खटकले. नव्या माणसाच्या दृष्टीने मात्र निर्णय योग्यच होता.

११ वरून १२ वर येणाऱ्यांनी इथे जपावे. फर्मवेअर आता ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात गेले आहे. पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या ‘सोर्सेस.लिस्ट’ फाइलमध्ये तो शब्द जोडला नाही, तर जुनी पॅकेजेस तशीच राहतात. वायफाय चालत असते, म्हणून शंकाही येत नाही. पण प्रोसेसरचे मायक्रोकोडही त्याच विभागात असल्याने त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या येणे थांबते.

काही बंद पडले, तर ‘डीमेसेज’ कमांडच्या आउटपुटमध्ये ‘फर्मवेअर’ शब्द शोधावा. हव्या असलेल्या फाइलचे नाव तिथेच असते. ‘एलएसपीसीआय -के’ने कोणता ड्रायव्हर कामाला लागला आहे तेही कळते.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. तिथे कंपनीचा ड्रायव्हर बाहेरून येतो आणि ‘डीकेएमएस’ तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधते. त्या कर्नलचे ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज नसेल, तर ही बांधणी होत नाही. म्हणून कर्नल बदलल्यावर रीस्टार्ट करण्याआधी ते आहे का बघावे.