सुटीत शाळेच्या सामानाचे रक्षण

मे महिन्याच्या आरंभी शाळेला सुटी लागते आणि बाके, सतरंज्या, नकाशे व पुस्तके एका खोलीत रचून तिला कुलूप लावले जाते. जूनच्या मध्यास ते कुलूप निघते, तेव्हा सतरंजीची लक्तरे झालेली, नकाशांच्या कडा कुरतडलेल्या व टेबलाच्या खणात उंदराचे घरटे, हे दृश्य जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील शिक्षकांना अपरिचित नाही. हानी सामानापुरतीच असती, तर ती भरून काढता आली असती. परंतु जेथे उंदीर, तेथे त्याच्या मागावर सर्पही येतो. आणि पहिल्या दिवशी त्या खोलीतून बाके ओढणारे हात बहुधा मुलांचे असतात. म्हणून सुटीपूर्वीची ही व्यवस्था मुलांच्या जीविताचीच काळजी होय.

उंदराला तीन गोष्टी हव्या असतात : वाट, अन्न व आसरा. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी तो लाकूडही कुरतडतो. भात, नागली व वरई यांची मळणी आटोपली की शेतातील अन्न सरते. पहिल्या पावसाने बिळांत पाणी शिरते. अशा वेळी कोरडी व निर्मनुष्य शाळा त्याला सोयीची वाटते. घरातील उंदराची मादी सुमारे ३ आठवड्यांत विते. म्हणजे एका सुटीत तिची दोन वेते होऊ शकतात. मारण्यापेक्षा येऊ न देणे हाच खरा उपाय, तो यासाठी.

वाट. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. सबब, जेथे शिसपेन्सिल शिरते ती प्रत्येक फट बुजवावी. नुसती माती उंदीर उकरतो. भोकात तारेची जाळी कोंबून वर सिमेंट भरावे. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी, झरोक्यांना बारीक जाळी लावावी आणि छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात.

अन्न. पोषण आहाराचा तांदूळ व डाळ सामानाच्या खोलीत कदापि ठेवू नये. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात निराळी ठेवावी. पाड्यावरील घरांत शेणमातीने लिंपलेली कणगी जमिनीपासून उंच ठेवतात, त्यात हेच शहाणपण आहे.

आसरा. बाके विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच व भिंतीपासून हातभर दूर मांडावी. त्यामुळे वाळवीही लवकर दिसते. खण रिकामे करावेत. सतरंज्या व नकाशे उन्हात वाळवून पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. सुटीत आठवड्यातून एकदा कोणी जबाबदार व्यक्तीने खोली उघडून पाहावी.

उंदीर आढळल्यास भिंतीलगत पिंजरा लावावा आणि तो रोज पाहावा. थोराड उंदीर नव्या वस्तूस बिचकतो. म्हणून पहिले काही दिवस पिंजरा न चढविता त्यात केवळ खाऊ ठेवावा. शाळेत विष वापरू नये. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर विषारी वायू सोडते व त्यावर उतारा नाही. मुलांच्या व अन्नाच्या सान्निध्यात ते ठेवणे अक्षम्य होय.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः, पायांत बूट व हातात काठी आणि विजेरी घेऊन, खोली उघडावी. दारे-खिडक्या अर्धा तास मोकळ्या ठेवून मगच आत जावे. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. फिनेलच्या पाण्याने भिजवून पुसाव्यात व हात साबणाने धुवावेत. उंदराच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो; सबब पायाला जखम असल्यास विशेष जपावे.

धामण दिसल्यास तिला मारू नये. ती बिनविषारी असून उंदीर खाते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे मात्र विषारी. दंश झाल्यास अवयव न हलविता, जखम न कापता, मांत्रिकाकडे वेळ न दवडता रोग्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे.

सुटीपूर्वी परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांच्या हाती पेन्सिली देऊन शाळेतील फटी शोधावयास लावावे, त्यांचा नकाशा काढवावा व मोजदाद करवावी. भोकांत मात्र कोणीही बोट घालू नये, हे आधी बजावावे. शाळेत शिकलेली ही दृष्टी मुले घरी नेतील आणि घरातील धान्यही वाचेल.