‘ग्वान’ : एका शब्दाचे दोन अर्थ

मुलांना वळण लावणे हे आईबापांचे कर्तव्य सर्वच देशांत मानले जाते. परंतु वळण लावण्याची रीत मात्र देशोदेशी निराळी असते. एका देशाची रीत दुसऱ्या देशात नेली म्हणजे काय घडते, हे अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांच्या उदाहरणावरून आपण पाहू.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि चिनी मजूर तिकडे जाऊ लागले. पुढे १८८२ च्या कायद्याने त्यांना मज्जाव झाला. तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, आणि १९६५ च्या नव्या कायद्यानंतर चिनी कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे येऊ लागली.

या घरांतील कित्येक मुले घरी चिनी व शाळेत इंग्रजी बोलतात. आईबापांना इंग्रजी नीट येत नसेल, तर दवाखान्यात दुभाष्याचे काम मुलांनाच करावे लागते. सुटीच्या दिवशीही काहींना चिनी लिपी शिकण्यासाठी वेगळ्या शाळेत जावे लागते. वर्गमित्राची आई त्याला उराशी धरून तोंडाने प्रेम बोलून दाखविते. आपली आई मात्र फळ कापून पुढे ठेवते आणि गुण विचारते. मग ‘आईचे आपल्यावर प्रेम नाही की काय?’ अशी शंका मुलाच्या मनात डोकावते.

या शंकेचे उत्तर ‘ग्वान’ या चिनी शब्दात आहे. आपल्या भाषेत मुलांवर लक्ष ठेवणे निराळे आणि मुलांकडे लक्ष देणे निराळे. ‘ग्वान’ या एकाच शब्दात मात्र धाक व माया ही दोन्ही सामावलेली आहेत. पाश्चात्त्य पंडित अशा पालकांना ‘हुकूमशाही वृत्तीचे’ म्हणत. हे माप चिनी घरांना नीट लागू पडत नाही, असे रूथ चाओ या विदुषींनी १९९४ मध्ये दाखवून दिले.

याचा अर्थ कठोरपणा सदैव हितकरच असतो, असा मात्र नव्हे. २०११ मध्ये एमी चुआ यांच्या पुस्तकामुळे ‘वाघीण आई’ हा शब्द जगभर गाजला. परंतु सु-यंग किम व त्यांचे सहकारी यांनी ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षे अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले, ते निराळेच होते. त्या कुटुंबांत वाघिणीची रीत सर्वाधिक आढळली नाही. अधिक आढळले ते माया करणारे, देखरेख ठेवणारे आणि कारण समजावून सांगणारे पालक. त्यांचीच मुले अभ्यासात पुढे व मनाने अधिक प्रसन्न होती. वाघिणीच्या रीतीने वाढलेल्या मुलांत खिन्नता अधिक दिसली.

आम्हां परप्रांतीय मराठी कुटुंबांतही घरची भाषा एक आणि बाजारची दुसरी असते; म्हणून ही हकीकत आम्हांस परकी वाटत नाही. पालकांनी धाकामागील माया अधूनमधून शब्दांतही प्रकट करावी, आणि मुलांनी कापून ठेवलेल्या फळातील माया ओळखावी, एवढाच बोध आम्ही यातून घेतो.