व्यसनाचा जमाखर्च

व्यसनाचा विषय निघाला म्हणजे बहुधा त्याच्या दोषांचाच पाढा वाचला जातो. परंतु ज्या वस्तूपासून कांहींच लाभ वाटत नाहीं, ती कोणी पैसे मोजून कशाला विकत घेईल? म्हणून तिसगांव व आसपासच्या खेड्यांत घरोघर परिचित असलेल्या तंबाखूचा जमाखर्च निःपक्षपातानें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम जमेची बाजू पाहूं. आपल्या पाथर्डी तालुक्यांतून ऊसतोडीस जाणारा मजूर म्हणतो, चुना लावून चिमूट दाढेखालीं धरली कीं भूक मरते व अंगांत हुशारी येते. गृहिणी म्हणते, मिसरीनें दांतांची कळ थांबते. विद्यार्थी म्हणतो, सोबत्यांत मान मिळतो. मजुराचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. तंबाखूंतील निकोटीन हें द्रव्य मेंदूस क्षणिक उत्तेजन देतें व भूक मंदावतें. चुन्यामुळें तें तोंडांतून रक्तांत अधिक त्वरेनें शिरतें.

आतां खर्चाची बाजू. निकोटीनचें रक्तांतील प्रमाण सुमारें दोन तासांत निम्म्यावर येतें. मग संवय जडलेल्या मनुष्याचें चित्त बेचैन होतें, कामांत लक्ष लागत नाहीं. पुन्हां चिमूट घेतली कीं बरें वाटतें. हाच तो तंबाखूचा गुण समजतो. वस्तुतः तंबाखूनेंच उत्पन्न केलेली बेचैनी तंबाखू घटकाभर शमवीत असते. तेव्हां ही हुशारी कमाई नव्हे, मुकादमाकडून घेतलेली उचल होय. ती घेतांना हात भरलेला दिसतो. पण पुढें ती देहानें फेडावी लागते.

मिसरीनें कळ दबली तरी दांताची कीड आंत वाढतच राहते. तंबाखूनें तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो. सुपारीच्या संवयीनें कित्येकांचें तोंड नीट उघडेनासें होतें. गर्भवतीनें मिसरी लाविल्यास मूल कमी वजनाचें जन्मण्याचा संभव वाढतो. अशा वेळीं व्यसन एकाचें असलें तरी खर्च दुसऱ्याच्या नांवें पडतो. दिवसाचे दहाच रुपये धरिले तरी वर्षाचे ३,६५० रुपये होतात, तें निराळेंच.

२०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं २६.६ टक्के लोक तंबाखूचें सेवन करीत असल्याचें आढळलें. धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. चघळणारे व मिसरी लावणारे इत्यादि मिळून २४.४ टक्के होते. म्हणजे विडी न ओढणारा निर्व्यसनी असतोच असें नाहीं.

विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. मेंदूची वाढ सुमारें पंचविसाव्या वर्षापर्यंत चालते; त्यापूर्वीं जडलेलें व्यसन अधिक घट्ट बसतें. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास व शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकण्यास मनाई आहे. मग पालकांनींच आपल्या मुलास पुडी आणावयास दुकानीं पाठवावें, हें कितपत योग्य?

ज्यांस संवय जडली आहे त्यांनीं निराश होऊं नये. सोडल्यावर पहिले दोनतीन दिवस फार जड जातात. पुढें कांहीं आठवड्यांत ओढ ओसरूं लागते. १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. जी उचल आपण घेतली नाहीं ती फेडावी लागत नाहीं. आणि घेतली असेल तर तिचा हिशेब जितका लवकर मिटेल तितका बरा.