तासकाटा आणि हिमनदी

भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा सरकताना तुम्ही कधी पाहिला आहे का? कितीही टक लावून बसा, तो हलताना दिसत नाही. पण पहिल्या तासाला त्याची जागा पाहून ठेवली आणि मधल्या सुट्टीत पुन्हा पाहिली, तर तो पुढे गेलेला असतो. हिमनदीचेही तसेच आहे. ती वाहते, पण समोर उभ्या असलेल्याला बर्फाची निश्चल भिंत तेवढी दिसते.

जेम्स बेलॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने या अडचणीवर एक युक्ती योजली. हवामान तापते आहे यावर प्रारंभी त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता. २००७ साली त्याने ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि माँटाना येथील हिमनद्यांसमोर खडकांवर कॅमेरे पक्के बसवले. सूर्यप्रकाशावर भरणारी बॅटरी आणि उजेड असेतोवर साधारण तासातासाला चित्र घ्यायला लावणारे यंत्र, अशी प्रत्येकाची व्यवस्था होती. या खटाटोपावर जेफ ऑर्लोव्स्की याने ‘चेसिंग आइस’ हा अनुबोधपट काढला. तो २०१२ साली प्रदर्शित झाला.

आता थोडे गणित करू. समजा, दिवसाला १२ चित्रे घेतली. वर्षाची झाली ४,३८०. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. म्हणजे हिमनदीचे सबंध वर्ष सुमारे तीन मिनिटांत पाहून होते! आता ती भिंत निश्चल राहत नाही. नदीसारखी वाहताना दिसते.

हे काम सरळ मात्र झाले नाही. सुरुवातीला वेळ मोजणारी यंत्रेच बिघडली आणि महिनोन् महिने वाट पाहून काही कॅमेऱ्यांतून हाती काहीच लागले नाही. चित्रपटात हे अपयश लपवलेले नाही, ते मला विशेष आवडले.

चित्रपटातील सर्वांत गाजलेले दृश्य पश्चिम ग्रीनलंडमधील इलुलिसाट हिमनदीचे आहे. २८ मे २००८ रोजी तिच्या मुखाशी बर्फाचे कडे कोसळू लागले आणि ते ७५ मिनिटे कोसळत राहिले. एकूण ७.४ घन किलोमीटर बर्फ सुटला. त्याचे पाणी केले तर आपले कोयना धरण दोनदा भरून वर उरेल.

पण थांबा. हवामान तापत असल्याचा हा पुरावा आहे का? नाही. समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचे मुख तुटतच असते. हवा मुळीच तापली नसती तरी कडे कोसळलेच असते. पाहायचे ते हे, की तुटलेल्या बर्फाची जागा मागून येणारा बर्फ भरून काढतो की नाही. आवकीपेक्षा जावक वाढली, की मुख मागे हटते. चित्रपटातील आकड्यांप्रमाणे ही हिमनदी १९०२ ते २००१ या काळात सुमारे १३ किलोमीटर मागे हटली आणि पुढच्या अवघ्या नऊ वर्षांत १४ किलोमीटरांहून अधिक. माझ्या मते चित्रपटातील खरी मोलाची गोष्ट ही आहे. कोसळण्याचा गडगडाट त्यापुढे दुय्यम.

मुख मागे का हटते? हवा तापते हे एक कारण. दुसरे डोळ्यांआड असते: समुद्राचे कोमट पाणी खोलवरून आत शिरून बर्फाचा पाया खाते. पुढचा अडसर गेला, की मागचा बर्फ अधिक वेगाने घसरू लागतो. याची उलट बाजूही पाहायला मिळाली. २०१६ पासून या किनाऱ्याला काही वर्षे थंड पाणी आले, तेव्हा हीच हिमनदी मंदावली आणि तिचे मुख जाड झाले. सबंध ग्रीनलंडचा बर्फ मात्र त्या वर्षांतही घटतच होता. गुरुत्वाकर्षणातील बारीक फरक टिपणाऱ्या उपग्रहांनी तसे दाखवले आहे. तेथील सारा बर्फ वितळला, तर जगभरच्या समुद्रांची पातळी सरासरी सुमारे सात मीटरांनी चढेल.

असा प्रयोग तुम्हीही करू शकता. गावातले तळे किंवा विहीर निवडा. मार्च ते जून, दररोज एकाच वेळी, एकाच दगडावर कॅमेरा किंवा शिक्षकांचा मोबाइल टेकवून एक चित्र घ्या. दगडावर खडूने नव्हे, रंगाने खूण करा. खडू वळवाच्या पहिल्या सरीत धुऊन जाईल. चौकटीत न हलणारी एखादी वस्तू, पायरी किंवा खांब, अवश्य येऊ द्या. नाहीतर पाणी उतरले की कॅमेरा सरकला, हे नंतर सांगता येणार नाही.