थविका : लहान पिशवीचा संस्कार

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पादत्राणे कमरबंदाला बांधून गावात भिक्षाटनास गेला. वंदनासाठी वाकलेल्या उपासकाचे मस्तक त्या पादत्राणांवर आपटले आणि भिक्खू ओशाळला. हे कळताच तथागतांनी पादत्राणांसाठी थविकेची, म्हणजे लहान पिशवीची, अनुज्ञा दिली. भिक्षापात्र व औषध यांसाठीही तेथे स्वतंत्र थविका सांगितल्या आहेत.

वसतिगृहात मुलाची पेटी हेच त्याचे घर असते. तीत चपला, ओला टॉवेल आणि वह्या एकत्र कोंबल्या, तर वह्यांना कुबट वास येतो. टॉवेलांची अदलाबदल झाली, तर खरूज खोलीभर पसरते.

म्हणून पालकांनी जुन्या सुती लुगड्याच्या चार नाडीच्या पिशव्या शिवून द्याव्यात : धुतलेले कपडे, मळके कपडे, साबण-दंतमंजन व पादत्राणे यांसाठी एकेक. प्रत्येकीवर धाग्याने नाव काढावे. ओली वस्तू वाळवूनच आत ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, सुती कापडातून हवा खेळते. पिशव्याही आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवाव्यात.

आपल्या वस्तूमुळे दुसऱ्याला उपद्रव होऊ नये, हा त्या प्राचीन नियमाचा अर्थ मुलांना असा रोजच्या सवयीतून कळतो.